डागांसकट वंशावळी

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या आगगाडीत नारायण वामन टिळक बसले होते. राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळेल अशी आशा होती. डब्यात त्यांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचा मिशनरी भेटला. बोलणे निघाले, ते धर्मावर आले, आणि निरोप घेताना वॉर्ड यांनी त्यांच्या हातात नव्या कराराचे पुस्तक ठेवले. हे वाचा, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही ते म्हणाले. टिळकांना ते बोलणे धाडसाचे वाटले, पण वाचण्याचा शब्द त्यांनी दिला आणि पाळला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ती गाडी ज्या मार्गाने गेली तो मार्ग आपला आहे. तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसाचा बोगदा आणि पुढे डोंगरगड. तेव्हा डोंगरगडाच्या अलीकडचा हा मुलूख मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. मराठी ख्रिस्ती कवितेला ज्या माणसाने तिचा स्वतःचा आवाज दिला, त्याच्या आयुष्याचे वळण आपल्या रुळांवरच्या प्रवासात सुरू झाले, ही गोष्ट इथल्या मंडळ्यांमध्येही फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली जावी असे मला मनापासून वाटते.

त्या नव्या करारात टिळकांना सर्वांत जास्त धरून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने. मत्तयाच्या शुभवर्तमानाचे ते पाचवे, सहावे आणि सातवे अध्याय. पण त्याच शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडला तर समोर येते ती नावांची रांग: अमक्याला अमका झाला, त्याला तमका झाला. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली मत्तयाचे मराठी शुभवर्तमान बाहेर पडले. म्हणजे छापील मराठीत ख्रिस्ताची ओळख करून घ्यायला बसलेल्या आरंभीच्या वाचकाच्या पुढ्यात पहिल्यांदा चमत्कार आले नाहीत, दाखला आला नाही, उपदेशही आला नाही. एक अख्खे खानदान आले.

हे पुस्तक त्या खानदानाविषयी आहे. अब्राहामापासून मरीयेच्या नवऱ्यापर्यंत जी माणसे त्या रांगेत उभी आहेत, त्यांतल्या काहींच्या कथा पुढच्या प्रकरणांत सांगितल्या आहेत. घरच्या उपासनेत, रविवारच्या संध्याकाळच्या मेळाव्यात, गोंदिया-तिरोड्याच्या चार-सहा कुटुंबांच्या बैठकीत मोठ्याने वाचता याव्यात म्हणून त्या लिहिल्या. त्या वाचण्याआधी, ही माणसे मुळात त्या रांगेत का आहेत, याचा विचार झाला पाहिजे. प्रस्तावनेचे काम तेवढेच.

आपल्या जिल्ह्यात पूर्वज ही वहीत बंद करून ठेवण्याची गोष्ट नाही. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा चहूकडून गोंड समाज येतो. गुहेत कोंडलेली मुले आणि त्यांना सोडवणारे पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि हिरासुका पाटालीर यांची आठवण तिथे जागी होते. ज्या पूर्वजांना नमन करायला माणसे एवढ्या दुरून येतात, ती मुले खोडकरपणापायी गुहेत बंद झाली होती असे कथा सांगते, आणि तेही कुणी लपवत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातले पोवार आपले मूळ माळव्यातल्या धारशी जोडतात आणि त्यांच्या भाटांच्या पोथ्यांत कुळांच्या नोंदी आहेत. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, हे आजही गावात आदराने सांगतात. वाडवडिलांचा असा वारसा जुन्या मालगुजारी तलावासारखा असतो. पाण्याबरोबर तळाचा गाळही वाट्याला येतो, आणि पाणी हवे असेल तर गाळाकडे पाठ फिरवून चालत नाही.

वंशावळी लिहिली जाते ती बहुधा काही सिद्ध करण्यासाठी. जमीन कोणाची, पाटिलकी कोणाची, रोटीबेटी कोणाशी. आपल्याकडे तर एखाद्याचे आजोबा-पणजोबा विचारणे म्हणजे पुष्कळदा त्याची जात विचारणे असते. शिष्टाचाराच्या आडून विचारलेला तो प्रश्न विदर्भातल्या कोणत्या माणसाला ओळखू येत नाही? ज्यांच्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांना या प्रश्नाने काय काय सोसायला लावले आहे ते निराळे सांगायला नको. म्हणून जो लेखक आपल्या नायकाची ओळख वंशावळीने करून देतो, त्याच्याकडून वाचकाची अपेक्षा ठरलेली असते: शुद्ध रक्त, थोर पुरुष, निष्कलंक माता.

मत्तय असे करत नाही. चाळीसएक पुरुषांच्या रांगेत मरीयेआधी तो चार स्त्रियांचा उल्लेख करतो. सारा, रिबका, लेआ, राहेल या कुलमाता सहज हाताशी होत्या. त्यांतली एकही तो घेत नाही. तो घेतो तामार, राहाब, रूथ, आणि चौथी अशी जिचे नावही लिहीत नाही, फक्त उरीयाची बायको म्हणतो. कुणी म्हणेल, जुन्या याद्यांत असतील तशी नावे त्याने उतरवून घेतली. पण मत्तय नावे गाळायला मोकळा होता आणि त्याने ती गाळलीही आहेत. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग पाडण्यासाठी त्याने योराम आणि उज्जीया यांच्या मधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे सरळ सोडून दिले. ज्याला नाव गाळता येते, त्याने ठेवलेले प्रत्येक नाव जाणूनबुजून ठेवलेले असते.

तामारेपाशी मला अधिक वेळ थांबायचे आहे. उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायातली ही कथा उपासनेत क्वचितच वाचली जाते, पाळक संकोचतात, घरात मुले असली तर पान उलटले जाते. कथा अशी. याकोबाचा मुलगा यहूदा याने आपल्या थोरल्या मुलाचे लग्न तामारेशी लावले. तो मेला. रिवाजाप्रमाणे दुसऱ्या मुलाने तिला आपली बायको करून थोरल्याचा वंश चालवायचा होता. त्याने तिला वागवले, पण वंश चालवायचे टाळले, आणि तोही मेला. यहूदाला भीती वाटली की हीच पांढऱ्या पायाची आहे. त्याने तिला सांगितले, धाकटा मोठा होईपर्यंत बापाच्या घरी जाऊन विधवा म्हणून राहा. धाकटा मोठा झाला. बोलावणे आले नाही.

हे वाचायला महाराष्ट्रातल्या वाचकाला टीपा लागू नयेत. नवऱ्याच्या मृत्यूचे खापर कपाळावर घेऊन माहेरी बसवलेली तरुण विधवा आपण पुष्कळ पाहिली आहे. बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले ते तिच्यासाठी. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले ते तिच्यासाठी. याच रमाबाई पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर करत राहिल्या. त्या भाषांतरात उत्पत्तीचा अडतिसावा अध्याय त्यांच्या हाताखालून गेलाच असणार, आणि त्यांनी तो कोणत्या नजरेने वाचला असेल याचा विचार मनात येतो. १९२२ साली त्या गेल्या. त्यांचे बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

तामारेने वैधव्याची वस्त्रे उतरवली, तोंडावर बुरखा घेतला आणि वाटेवर बसली. यहूदाने तिला वेश्या समजून सौदा केला: मोल म्हणून कळपातले एक करडू, आणि करडू येईपर्यंत गहाण म्हणून आपली मुद्रा, गोफ आणि काठी. पुढे तिला दिवस गेल्याचे कळताच हाच यहूदा तिला जाळून टाका म्हणाला. तिने त्या तीन वस्तू पाठवल्या. यहूदाने त्या ओळखल्या आणि कबूल केले की ही माझ्यापेक्षा नीतिमान आहे.

त्या करडाकडे जरा पाहा. याच घराण्यात याकोबाने आंधळ्या इसहाकाला फसवले ते करडांचे मांस रांधून आणि त्यांची कातडी हातांना बांधून. त्याच याकोबाला त्याच्या मुलांनी फसवले ते योसेफाचा अंगरखा बकऱ्याच्या रक्तात बुडवून. योसेफाला विकून टाकू ही सूचनाही यहूदाचीच. आणि आता यहूदाला त्याच्या सुनेने उघडे पाडले तेव्हाही करडूच मध्ये आले. तीन पिढ्यांची फसवणूक एकाच जनावराच्या दोरीने बांधलेली आहे. घराण्यातले पाप बापाकडून मुलाकडे कसे उतरते, ते मुलाला शिकवावे लागत नाही, घरच्या हवेतच ते असते, हे बायबल उपदेश न करता दाखवते. ती साखळी तुटते ती यहूदाच्या कबुलीपाशी. त्यानंतरचा यहूदा निराळा माणूस आहे. मिसरात धाकट्या बन्यामिनाला गुलाम म्हणून ठेवून घेण्याची वेळ आली तेव्हा, एका भावाला विकायला निघालेला हाच भाऊ पुढे झाला आणि म्हणाला, याच्याऐवजी मला ठेवा.

राहाब आणि रूथ यांच्याविषयी इथे थोडक्यातच लिहितो, कारण त्यांची प्रकरणे पुढे मोठी आहेत. राहाब यरीहोची कनानी, गावाच्या तटावर राहणारी, वेश्या म्हणून ओळखली जाणारी. रूथ मवाबी. मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये असे अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. त्या मवाबी बाईच्या पोटी ओबेद, ओबेदाला इशाय, इशायाला दावीद. नियमशास्त्र जिला दाराबाहेर उभे करते ती इस्राएलाच्या सर्वांत लाडक्या राजाची पणजी निघते.

चौथीपाशी मात्र पुन्हा थांबायला हवे. मत्तय बथशेबा हे नाव लिहीत नाही. तिचे नाव झाकून तिला वाचवण्यासाठी त्याने तसे केले असेल असे मला वाटत नाही. ज्याचा घात झाला त्या माणसाचे नाव ख्रिस्ताच्या वंशावळीत कायमचे कोरावे म्हणून केले असावे. उरीया हित्ती, परदेशी शिपाई, दावीदाच्या सदतीस वीरांच्या यादीतला. तो आघाडीवर लढत असताना राजाने त्याची बायको आणवली. ती गरोदर राहिली तेव्हा उरीयाला सर्वांत घोर लढाईत पुढे घालून मागे सरा, असा हुकूम राजाने सेनापतीला लिहिला आणि ते पत्र उरीयाच्याच हाती दिले. स्वतःच्या मरणाची चिठ्ठी त्याने इमानाने नेऊन पोचवली. दावीदाचे गुणगान करणाऱ्या कुणालाही मत्तयाची वंशावळी वाचताना या माणसाच्या नावावरून जावेच लागते.

लॅटिन बायबलचे थोर भाषांतरकार जेरोम यांचे मत असे होते की या स्त्रिया पापी होत्या, आणि पाप्यांसाठी आलेला तारणारा पाप्यांच्या पोटी आला हे दाखवण्यासाठी त्यांची नावे घातली. पंधरा-सोळाशे वर्षे हे मत प्रवचनांतून फिरत आले आहे. मला ते अजिबात मान्य नाही. तामारेच्या कथेत पाप यहूदाचे आहे. त्याने स्वतः तसे सांगितले. बथशेबेच्या कथेत पाप दावीदाचे आहे. नाथान संदेष्ट्याने बोट दावीदाकडेच रोखले, तिच्याकडे नाही. रूथेने कोणते पाप केले म्हणता? सदोष पूर्वजांची यादी करताना पहिले बोट बाईकडे जाते, ही आपली खोड आहे, आणि ती खोड शास्त्राच्या नावावर खपवू नये. या वंशावळीतले खरे डाग पुरुषांच्या नावांवर आहेत: सारेला बहीण म्हणवून दोनदा परक्या राजाच्या हवाली करणारा अब्राहाम, बापाला आणि भावाला फसवणारा याकोब, बायकांच्या नादी लागून परक्या देवांची स्थाने उभारणारा शलमोन. आणि मनश्शे. बाराव्या वर्षी गादीवर आला, पंचावन्न वर्षे राज्य केले, पोटचा मुलगा अग्नीत होमला, यरुशलेम निर्दोषांच्या रक्ताने भरून टाकले. हिज्कीयासारख्या भल्या राजाचा तो मुलगा आणि योशीयासारख्या भल्या राजाचा आजोबा. तीन राजे गाळणाऱ्या मत्तयाने मनश्शेला गाळलेले नाही.

मग यात कृपा कुठे आहे?

कृपेविषयी एक सोपा समज मंडळ्यांत रुजला आहे, तो असा की देवाने क्षमा केली म्हणजे झालेले झाले नाही असे समजायचे. दावीदाची कथा वाचणाऱ्याला हा समज धरून ठेवता येणार नाही. दावीदाने पाप कबूल केले, क्षमा तत्काळ मिळाली. पण मूल मेले, तलवार त्याच्या घरातून हलली नाही, पोटच्या मुलाने बंड केले, आणि उरीया काही परत आला नाही. जर्मन पाळक दीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ‘स्वस्त कृपे’विरुद्ध कळकळीने लिहिले: पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिष्यत्वाशिवाय कृपा. पुढे हिटलरच्या राजवटीने त्यांना एप्रिल १९४५ मध्ये फासावर चढवले, तेव्हा कृपेची किंमत ते कोणत्या अर्थाने सांगत होते ते जगाला कळले. मत्तयाच्या वंशावळीतली कृपा तशी महाग आहे. ती डाग धूत नाही, डाग दाखवून त्याच घराण्यात पुढची पिढी जन्माला घालते. उरीयाचे नाव पुसून शलमोन येत नाही, त्या नावाच्या बाजूलाच त्याला उभे राहावे लागते.

याच्या उलट टोकाची एक भीती आहे, आणि आपल्या भागात ती जास्त खोल आहे. घरात आजारपण आले, मूल होत नाही, धंद्यात बुडाले, की वाडवडिलांचे काहीतरी राहून गेले, कुणाचा तरी तळतळाट लागला असे मनात येते. ख्रिस्ती झाल्याने ही भीती आपोआप जात नाही; नाव बदलून ती मंडळीत येऊन बसते. आता पिढ्यानपिढ्यांचे शाप तोडण्याच्या प्रार्थना होतात, आजोबांनी काय केले, पणजीने कोणता नवस बोलला याच्या याद्या होतात, आणि आधीच गांजलेले कुटुंब त्या यादीखाली आणखी दबते. या प्रार्थना करणाऱ्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. पण बायबल त्यांच्या बाजूने उभे राहत नाही. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही इस्राएलातली प्रचलित म्हण यिर्मया आणि यहेज्केल या दोघांनीही मोडीत काढली. यहेज्केलाचा अठरावा अध्याय तर त्यासाठीच आहे: मुलगा बापाच्या अधर्माचा भार वाहणार नाही. दहा आज्ञांत बापांच्या पापाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत सांगितले आहे, ही ओळ अशा सभांतून नेहमी ऐकवली जाते. त्याच वाक्याच्या पुढच्या भागात दया हजारो पिढ्यांपर्यंत सांगितली आहे, तिथपर्यंत वाचन पोचत नाही. ज्या घराण्यात मनश्शे झाला त्या घराण्यात ख्रिस्त जन्मला. ज्यांना आपल्या रक्तात काही वाईट आहे अशी धास्ती वाटते, त्यांनी हे एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचावे अशी माझी विनंती आहे.

पूर्वजांविषयी खरे बोलायचे, पण त्यांना टाकायचे नाही, हे मराठीत कुणी करून दाखवले असेल तर नारायण वामनांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ची सुरुवातच घराण्यावरच्या आघाताने होते: त्यांच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या धसक्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. वेड म्हणजे मीठ-साखरसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत. त्या सोवळ्यात घरातल्या लेकरांचे काय हाल झाले ते त्या सगळे सांगतात. सासरे वामनराव यांचा कठोरपणा सांगतात. नवऱ्याचा संताप सांगतात, न सांगता घरातून निघून जाणे सांगतात, असेल नसेल ते देऊन टाकणे सांगतात. टिळकांचा बाप्तिस्मा झाल्याचे कळल्यावर आपल्यावर काय गुदरले तेही सांगतात. एवढे सांगून त्या माणसांपैकी एकाविषयीही वाचकाच्या मनात तिरस्कार उरत नाही, कारण सांगणारीच्या मनात तो नाही. ज्या मुलीचे बालपण सोवळ्याने करपले, तिने पुढे बाप्तिस्मा होण्याच्याही आधी, जातिभेद माणसांनी केला आहे अशी मनाची खात्री झाल्यावर, कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. बापाचे वेड तिच्यापाशी संपले. कृपा घराण्यात कशी काम करते हे मला ईश्वरविज्ञानाच्या पुष्कळ ग्रंथांपेक्षा या आत्मचरित्रात अधिक स्वच्छ दिसते.

इथे आपल्यासाठी एक अवघड प्रश्न उभा राहतो. आपल्यातल्या बहुतेकांचे आजोबा-पणजोबा ख्रिस्ती नव्हते. त्यांच्याकडे कसे पाहायचे? मिशनच्या जुन्या दिवसांत काही उपदेशकांनी शिकवले की ते सगळे अंधारात होते, मागे वळून पाहूच नका. त्या शिकवणीने कितीतरी घरांतली माणसे आपल्याच आजीच्या आठवणीला चोरटी झाली. पण यहोशवाच्या शेवटच्या अध्यायात अब्राहामाचा बाप तेरह नदीपलीकडे अन्य देवांची सेवा करत होता असे उघड लिहिले आहे, आणि तरी तेरहाचे नाव वंशावळींतून काढलेले नाही. लूकाने दिलेल्या ख्रिस्ताच्या वंशावळीत ते आहे. टिळकांनी हा प्रश्न स्वतःच्या आयुष्यात सोडवला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, आणि अभंगाचा तो पूल त्यांनी कधी तोडला नाही. त्यांच्याही आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राशोलला ‘ख्रिस्तपुराण’ छापले तेव्हा आदामापासूनची ही सगळी पडलेली माणसे त्यांनी ओवीत आणली. वाडवडिलांची भाषा आणि छंद टाकून देऊन ख्रिस्त सांगता येईल असे त्यांना वाटले नाही.

आणि आपल्या ख्रिस्ती पूर्वजांचे काय? त्यांना तरी निष्कलंक समजावे का? ज्यांनी घरदार सोडून विश्वास धरला, छळ सोसला, शाळा काढल्या, महारोग्यांची शुश्रूषा केली, त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण भारतातल्या मंडळीने जात दाराबाहेर ठेवली नाही, हेही तितकेच खरे. लग्ने जुळवताना ती आत आली, बसण्याच्या जागांत आली, कुठे कुठे दफनभूमीतही आली. ज्या प्रभूच्या वंशावळीत कनानी आणि मवाबी आज्या आहेत, त्याच्या नावाने जमलेल्या लोकांनी सोयरिकीच्या वेळी मूळ कोणते म्हणून विचारावे, याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही. हेही आपल्या वंशावळीत लिहिले गेले पाहिजे, मत्तयाने उरीया लिहिला तसे.

म्हणून या पुस्तकात रांगेबाहेर राहिलेल्यांनाही एक प्रकरण दिले आहे. हागार, जिला अब्राहामाने पाण्याची एक मसक आणि भाकरी देऊन लेकरासह रानात लावून दिले. एसाव, ज्याचा आशीर्वाद चोरला गेला आणि तरी ज्याने वीस वर्षांनी भावाला धावत जाऊन मिठी मारली. यांची नावे मत्तयात नाहीत. पण देवाला नाव देणारी बायबलातली पहिली व्यक्ती हागार आहे, टाकलेली मिसरी दासी. कृपा फक्त निवडलेल्या घराण्याच्या नळीतून वाहते असे ज्याला वाटते, त्याने तिची कथा आधी वाचावी.

आता शेवटच्या प्रकरणाविषयी. अब्राहामापासून इतक्या पिढ्या मोजत आणून मत्तय शेवटी योसेफापाशी येतो, आणि तिथे वाक्याची घडी बदलतो. योसेफाला येशू झाला असे तो लिहीत नाही. योसेफ हा मरीयेचा नवरा आणि तिच्यापासून येशू जन्मला असे लिहितो. म्हणजे ज्या रक्ताची एवढी मोजदाद केली ते रक्त बाळाच्या अंगात योसेफाकडून आलेलेच नाही. नासरेथच्या या सुताराने मरीयेला गुपचूप सोडून द्यायचे ठरवले होते. मग त्याने तिला घरी आणले, मूल आपले म्हटले आणि त्याचे नाव येशू ठेवले. मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे येशू दावीदाच्या वंशात येतो तो या स्वीकारामुळे. पौल रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिताना विश्वास ठेवणाऱ्याला दत्तकपणा मिळाला असे म्हणतो, त्याचे पहिले उदाहरण येशूच्या स्वतःच्या घरात घडून गेले होते. गोंड, पोवार, कोहळी, कुणबी, लोधी, महार, ब्राह्मण, कुणीही असो, जो या घराण्यात येतो तो त्याच दाराने येतो, आणि आत आल्यावर तामार आणि दावीद, उरीया आणि मनश्शे त्याचे स्वतःचे वाडवडील होतात.

प्रकरणे क्रमाने वाचायलाच हवीत असे नाही. माझा आग्रह एकाच बाबतीत आहे. तामारेचे प्रकरण बैठकीत वाचाल तेव्हा ते एखाद्या बाईने वाचावे, आणि त्यावर पहिल्यांदा बायकांना बोलू द्यावे.